विनिताच्या पॅरिसच्या बायका

ख्राइस्टचर्चच्या मराठी मंडळात विनिता म्हणजे रमणची बायको. हॉस्पिटलच्या फार्मसीत नोकरी, आवाज हळू, आणि मंडळाच्या जेवणात आमसुलाचं सार तिचंच. अशा बाईला घाबरण्यासारखं काय असणार? पण त्या शनिवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये, पडद्यामागे उभी असताना, ती घाबरून मागच्या दाराकडे बघत होती. कविसंमेलनात पुढचं नाव तिचं होतं, आणि तिसऱ्या रांगेत रमण हाताची घडी घालून बसला होता.

सगळा दोष त्या चित्रांचा. वर्षापूर्वी जेवणाच्या सुट्टीत वारा फार झोंबत होता म्हणून ती आर्ट गॅलरीत शिरली. भिंतींवर दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या बायका होत्या. इथल्याच, लिटलटन बंदरातून बोटीने पॅरिसला निघून गेलेल्या चित्रकार. केस कापलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या, जेवण टाळून रंग विकत घेणाऱ्या. आणि आमच्या विनिताला इतक्या वर्षांच्या संसारात सोफ्याचा रंगसुद्धा निवडायला मिळाला नव्हता! रमण वाईट नाही हो. इंजिनियर आहे, भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या इमारती तपासतो, आणि घरातही तसाच वागतो. कुणाकडे गेलं की "आम्हाला कॉफी नको" असं दोघांच्या वतीने परस्पर सांगून मोकळा होतो. विनिताला कॉफी हवी असते.

त्या बायकांवर ती कविता लिहायला लागली. शाळेनंतर पहिल्यांदाच. मंडळाच्या सेक्रेटरी सुनीताताईंना भीत भीत एक दाखवली, तर त्या उडाल्याच. "अय्या, किती वेगळं गं! कविसंमेलनात वाचायचीच हं!" विनिता खूश होऊन हो म्हणाली आणि घरी येऊन तिने ती लेकीला वाचून दाखवली. वल्लरीला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

"मम, इट्स हीप्स गुड," वल्लरी म्हणाली. हीप्स म्हणजे इकडच्या मुलांचं 'खूप'. मग जरा थांबली. "बट धिस इज यू, राइट? डझ डॅड नो?"

विनिताने कागदाची घडी केली. कवितेतली घर सोडून जाणारी ती बाई आपण आहोत, हे तिला स्वतःलाच तोवर माहीत नव्हतं. जे मुलीला एका वाचनात कळलं ते रमणला कळलं तर? तो संतापेल? चारचौघांत उठून जाईल? आणि सगळ्यात वाईट म्हणजे विचारलं तर नाही म्हणता येईल का? कविता बदलावी म्हणून ती दोनदा बसली. बदलली की कविता मरत होती. तेव्हा तिने ठरवलं, घर सोडायची जागा आली की भरभर वाचून पुढे पळायचं.

नाव पुकारलं गेलं. ती माइकसमोर आली आणि वाचत गेली.

"चहा गाळून ठेवला, कप विसळला,
किल्ली आतल्या खुंटीला लावली
आणि दार ओढून घेतलं.
रागाने नाही. रंग वाळत आले होते म्हणून."

पळण्याच्या बेतात असतानाच पहिल्या रांगेतून सुनीताताई ओरडल्या, "वा! वन्स मोअर!" झालं. मराठी माणूस समुद्र ओलांडून आला तरी ही सवय सोबत आणतोच. सगळा हॉल म्हणायला लागला, वन्स मोअर, वन्स मोअर. नाही म्हणायची सोय नव्हती. तिने त्या ओळी पुन्हा वाचल्या, या वेळी सावकाश, आणि नको नको म्हणताना नजर तिसऱ्या रांगेकडे गेली. रमणने हाताची घडी सोडली होती.

नंतर सगळ्यांनी कौतुक केलं. "किती धीट होत्या ना बाई त्या!" सुनीताताई म्हणाल्या. कुणालाच संशय आला नव्हता. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून विनिताने स्वतःला समजावलं. पण रमण गाडीची किल्ली काढून पुढे निघाला आणि तिची भीती गाडीपर्यंत तिच्याबरोबर आली.

गाडीत बसून त्याने पट्टा लावला. गाडी मात्र सुरू केली नाही.

"विनू, त्या गेल्या ना पॅरिसला," तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला, "त्यांच्या मागे जे नवरे राहिले, त्यांचं काय झालं?"

"माहीत नाही. कुणी लिहून ठेवलेलं नाही."

"त्यांना भात तरी लावता येत होता का?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिने रागाची तयारी केली होती. हा माणूस घाबरलेला होता, तिच्याइतकाच, आणि बंद गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसला होता. तिला त्याची फार दया आली. कुठे जात नाही मी, वेडा आहेस का, एवढं म्हटलं असतं तर तो लगेच हसला असता. वाक्य ओठांवर आलंही होतं. पण ते खरं आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

"मला लावता येत नाही," रमण म्हणाला.

"शिकवते," विनिता म्हणाली. "उद्यापासून."

त्याने मान हलवली आणि गाडी सुरू केली.