साडूच्या चाकातली हवा

माझ्या साडूच्या मोटारसायकलच्या मागच्या चाकात हवा किती असते, ह्या एका प्रश्नानं माझ्या संसाराची पहिली दोन वर्षं खाल्ली. माझ्या वयाची माणसं तेव्हा रेशन, बदल्या, मुलांच्या शाळा असल्या गोष्टींचा विचार करत होती. मी ठाण्याच्या कचेरीत नकाशावर लेखणी धरून बसायचो आणि मनात म्हणायचो, पंचवीस असेल का? की बावीस?

गाड्या आमच्या दोघांच्या सारख्याच होत्या, हे आधी सांगितलं पाहिजे, कारण माझं सगळं दुःख तिथंच आहे. लढाई संपून बरीच वर्षं झाली तरी कल्याणच्या छावण्यांतला लष्करी माल विकला जातच होता. तिथून आम्ही दोघांनी एकाच दिवशी, एकाच रांगेत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन खाकी मोटारसायकली घेतल्या. डावीकडची त्याची, उजवीकडची माझी. कंपनी एक, वय एक, टायरसुद्धा एकाच छापाचे, साध्या रस्त्यावरचे. तेव्हा त्याची गाडी पुढं जात असेल तर खोट गाडीत नव्हती. उरला कोण, ते तुम्हीच बघा.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहायला डोंबिवलीला, नोकरी रेल्वेच्या कारखान्यात. अंगानं माझ्या दीडपट आणि बोलण्यात माझ्या पावपट. कल्याणला सासरी त्याला ‘जावईबापू’ म्हणत. मलाही म्हणत, पण त्याला म्हणताना सासूबाईंचा आवाज उंबऱ्यापर्यंत सामोरा यायचा, मला म्हणताना स्वयंपाकघरातच राहायचा. तो गेला की विहिरीचा रहाट दुरुस्त व्हायचा, बंद पडलेलं घड्याळ चालू लागायचं. मी गेलो की सासरे माझ्या हातात वर्तमानपत्र द्यायचे.

हेही मी सोसलं असतं. पण कल्याणच्या बाहेर लढाईच्या काळात विमानांसाठी बांधलेली एक धावपट्टी ओस पडली होती. कडेनं गवत, मधे कुठं कुठं फुटलेलं डांबर, आणि गुरं. रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं गुरं हाकलून तिथं शर्यत लावायचो. एक चुन्याची रेघ इथं, दुसरी पाव मैलावर. थांबलेल्या जागेवरून एकदम सुटायचं आणि नाकासमोर जायचं. वळण नाही, चढ नाही, अक्कल चालवायला जागाच नाही. असं मला वाटायचं. आणि दर रविवारी तो माझ्या गाडीभर पुढं. तेही सुटतानाच! पहिल्या वीस पावलांत जे अंतर पडायचं तेच दुसऱ्या रेघेपर्यंत राहायचं.

एकदा बायको बघायला आलेली. ठाण्याला परत येताना माझ्या मागं बसून म्हणाली, “भावोजींची गाडी कशी सुटते नाही! चेंडू फेकल्यासारखी.”

“आणि माझी?”

तिनं पदरानं तोंडावरची धूळ पुसली. मग म्हणाली, “तुमची धूळ छान उडते.”

त्या दिवसापासून मला दुसरं काही नको होतं. एकदा, फक्त एकदा, तिनं चेंडूचं ते वाक्य माझ्या गाडीबद्दल म्हणावं.

धूळ उडायची ती माझ्या अकलेमुळं. माझी समजूत अशी, की टायर जितका टणक तितकी गाडी हलकी पळणार. म्हणून दर शनिवारी कचेरीतून आलो की चाळीच्या जिन्याखाली पंप घेऊन बसायचो आणि मागच्या चाकात बत्तीस पौंड हवा ठासायचो. टायरवर टिचकी मारली तर घागरीसारखा वाजायचा. खालचे शेजारी विचारायचे, “काय हो, विमानाला लावायचंय का चाक?” मी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघायचो.

आता तो घागरीसारखा टायर जमिनीला टेकणार किती? बोटभर. क्लच सोडला की चाक जागच्या जागी गरगरायचं, खडी मागं उडायची, आणि मी माझ्याच धुळीत डोळे चोळत असताना साडू गेलेला असायचा. हे कळायला मला वर्ष लागलं. तेही कसं, तर एका रविवारी मागच्या चाकात बारीक खिळा शिरला होता, हवा निम्मी झाली होती, आणि मला पत्ता नव्हता. त्या दिवशी हरलोच, पण गाडी पहिल्यांदा जमीन धरून सुटली. म्हणजे शोधसुद्धा माझा नव्हे, खिळ्याचा.

तर साडू मागच्या चाकात हवा कमी ठेवतो, एवढं नक्की झालं. पण किती कमी? विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. तीच तर पंचाईत होती. नीट समजावून सांगितलं असतं, वर पंपाचे चार दट्टे स्वतः मारून दिले असते, आणि मग सासरी कळलं असतं की धाकट्या जावयाला हवा भरायला थोरल्यानं शिकवलं. त्यापेक्षा चोरी बरी.

त्या वर्षी वैशाख अधिक आला. अधिक महिन्यात जावयांना बोलावून अनारशांचं वाण द्यायचं, म्हणून आम्हां दोघांनाही एकाच रविवारी बोलावणं. वाणाची दोन तबकं शेजारी शेजारी मांडलेली. मी त्याचे अनारसे मोजले. तेहतीस. माझेही तेहतीस. पण त्याच्या अनारशांना जाळी जास्त पडली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन.

जेवणं झाली. सासरे आडवे झाले, साडू ओटीवर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरायला लागला. संध्याकाळी शर्यत होती, आणि ह्या खेपेला सगळं घर टांग्यातून बघायला येणार होतं. मी हवा मोजायचं गेज खिशात घालून हळूच मागच्या अंगणात गेलो. दोन्ही गाड्या आंब्याच्या सावलीत उभ्या होत्या. त्याच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलो, व्हॉल्व्हची टोपी काढून खिशात टाकली, गेज लावलं. फुस्स झालं. अठरा! पुढच्या चाकात सव्वीस. पुढचं कडक, मागचं नरम. दोन वर्षं मी ज्यासाठी झुरलो तो आकडा हा असा, आंब्याखाली पडलेला होता.

मग दुसरा विचार आला. गेज लावताना थोडी हवा गेलीच आहे. अजून थोडी गेली तर कुणाला कळणार आहे? मी व्हॉल्व्हवर अंगठ्याचं नख टेकवलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

“काय हरवलं का हो, जावईबापू?” सासूबाई खरकटं टाकायला आलेल्या.

“अं? अनारसा. अनारसा पडला बहुतेक.”

“मोटारसायकलीखाली?”

“घरंगळला.”

त्यांनी पदर सावरून खाली वाकून बघितलं. “अनारसा कसला घरंगळतोय!” म्हणाल्या आणि आत जाऊन अजून दोन आणून माझ्या हातावर ठेवले. ते मी तिथंच, साडूच्या चाकाशी बसून, गुन्हेगारासारखे खाल्ले.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? आपल्याही चाकात अठरा ठेवली असती आणि मुकाट्यानं गेला असता. पण मला बरोबरी नको होती. मला तो धुळीत डोळे चोळताना बघायचा होता. मी आंब्याखाली उभ्या उभ्या त्रैराशिक मांडलं. त्याचं वजन माझ्या दीडपट, त्याला हवा अठरा. तर मला किती? बारा. शाळेत ज्यासाठी छड्या खाल्ल्या ते गणित आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडत होतं. मी बारावर आणली. बसून बघितलं तर टायर खाली पोट सोडून बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता. म्हटलं, हेच ते.

संध्याकाळी धावपट्टीच्या कडेला टांगा लागला. सासूबाई, मेहुणी आणि माझी बायको टांग्यातच बसल्या. सासरे हातरुमाल घेऊन रेघेशी उभे राहिले. साडूनं माझ्या मागच्या चाकाकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

“हवा जरा कमी वाटते,” तो म्हणाला.

“असू दे,” मी म्हणालो. मनात म्हटलं, आता का, घाबरलास?

रुमाल खाली आला. मी क्लच सोडला, आणि गाडी सुटली! धूळ नाही, खडी नाही, चाकानं जमीन अशी धरली की माझी मान मागं गेली. मी पुढं होतो. आयुष्यात पहिल्यांदा, आधी अर्ध्या गाडीनं, मग पाऊण, मी पुढं होतो. टांग्यातून बायकोचं “अगंबाई!” ऐकू आलं. चाळीस पावलं. लोक म्हणतात तीस. मी नंतर चालून मोजली आहेत, चाळीस आहेत.

एकेचाळिसाव्याला मागून बंदुकीसारखा आवाज झाला आणि गाडी शेपूट हलवायला लागली. कुणीतरी मागचं चाक धरून डावी-उजवीकडं ओढावं तशी. मी सावरत सावरत कडेच्या गवतात गेलो आणि तिथं, अगदी हळू, सगळ्यांना नीट दिसेल अशा बेतानं, आडवा झालो. शेजारची म्हैस उठून बाजूला गेली. लागलं काहीच नाही. लागलं असतं तर बरं झालं असतं.

साडू दुसऱ्या रेघेपर्यंत गेलाच नाही. मधूनच वळून आला, गाडी लावली आणि माझ्या चाकाशी बसला. तोवर टांग्यातली मंडळीही आली. त्यानं रिमवरून बोट फिरवलं. ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळापासून फाटून निघाला होता.

“टोपी कुठाय ह्याची?” त्यानं विचारलं.

मी खिशात हात घातला आणि मूठ त्याच्यापुढं उघडली. मुठीत दोन टोप्या होत्या. एक काळी, एक पितळी.

त्यानं मागं वळून आपल्या गाडीच्या उघड्या व्हॉल्व्हकडं बघितलं. मग तळहातावरची एक उचलली. “पितळी माझी,” म्हणाला. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मी त्याचा आजन्म ऋणी राहिलो असतो.

“मग तो अनारसा?” सासूबाई म्हणाल्या.

साडूनं आपल्या चाकाच्या रिमवर, व्हॉल्व्हपासून जरा लांब, एक जादा नट दाखवला. “हवा एवढी कमी केली की जोरात सुटताना टायर रिमवरून सरकतो. बरोबर ट्यूब ओढली जाते. व्हॉल्व्ह भोकात अडकलेला, तो तुटतो. म्हणून हा बोल्ट. टायरची कड आतून रिमला आवळून धरतो.”

“मला सांगितलं नाहीत कधी!”

“तुम्ही विचारलंत कुठं?”

पुढच्या रविवारी सकाळी तो डोंबिवलीहून ठाण्याला आमच्या चाळीत हजर. कारखान्यात स्वतः घडवलेला तसलाच एक बोल्ट फडक्यात गुंडाळून आणलेला. जिन्याखाली बसून त्यानं माझं चाक खोललं, बोल्ट बसवला, हवा भरली. म्हणाला, “तुमच्या वजनाला बारा फारच कमी. सोळा ठेवा. घरी जाताना मागं ह्या बसतील तेव्हा पुन्हा वाढवायची.” खालचे शेजारी कौतुकानं बघत होते. बायकोनं त्याच्यासाठी थालीपीठ लावलं, वर लोणी. मला वाटतं, माझ्यावर इतके उपकार त्याआधी कुणी केले नव्हते आणि इतका राग मला त्याआधी कुणाचा आला नव्हता.

त्या संध्याकाळी मी जिंकलो. सोळा पौंडांवर, पाऊण गाडीनं. ना सरकलो, ना घसरलो. तो मनापासून हसत आला, माझ्या पाठीवर थाप मारली. मी टांग्याकडं बघितलं. आता. आता ती म्हणणार.

“बघा!” बायको म्हणाली, “भावोजींनी हवा किती बरोबर सांगितली!”

सासूबाईंनी मान डोलावली. सासरे म्हणाले, “गुण आहे त्याच्या हाताला.” मी जिंकून उभा होतो आणि सगळे हरलेल्याचं कौतुक करत होते. मीही केलं. दुसरं करतो काय?

त्याच्या पुढच्या रविवारी रेघेवर उभं राहण्याआधी मी गेज काढलं, पंप लावला आणि मागच्या चाकात हवा भरायला लागलो. बायको टांग्यातून उतरून जवळ आली.

“काय करताय? भावोजींनी सोळा सांगितली होती ना?”

“वीस.”

“वीस कुणी सांगितली?”

“कुणी नाही,” मी म्हणालो.

त्या दिवशी मी अर्ध्या गाडीनं हरलो. ठाण्याला येताना शीळफाट्यापर्यंत मी गाणं गुणगुणत होतो. मागून ती दोनदा म्हणाली, “अहो, हरलात ना तुम्ही?” मी हो म्हणालो, आणि पुढं गुणगुणत राहिलो.