नॉर्बर्ट झास्ट्रोची मुकी शिटी

नॉर्बर्ट झास्ट्रोला अमेरिकेतल्या शबॉयगन गावात दोन जागा आहेत. एक बोलिंगच्या हॉलमागची. चेंडूने पडलेल्या लाकडी पिना पुन्हा उभ्या करणारी यंत्रं तो तिथे दुरुस्त करतो. पुढे लोक बिअर पितात, ओरडतात, चेंडू फेकतात आणि यंत्र अडलं की "मागचा माणूस कुठे मेला?" म्हणून बोंबलतात. त्या मागच्या माणसाचं नाव कुणी विचारत नाही. दुसरी जागा म्हणजे त्याच्या घराचं तळघर. तिथे शनिवारी दुपारी तो देव असतो. देवापेक्षा काकणभर सरसच म्हणा, कारण देवाला निदान अधूनमधून दया तरी येते.

तिथे मंडळी जमून जो खेळ खेळतात, तो सारा बोलण्यावर चालतो. खेळणारे एकेक सोंग घेतात, कुणी योद्धा, कुणी मांत्रिक. नॉर्बर्ट पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून सांगतो की दार उघडलं, आत अंधार आहे, आणि अंधारात कुणीतरी श्वास घेतंय. मग पैलूदार फासे खडखडतात आणि कोण जगलं, कोण मेलं ते ठरतं. हॉलमध्ये दिवसभरात चार वाक्यंही न बोलणारा हा माणूस इथे राक्षसाचा आवाज काढतो, राणीचा काढतो, आणि राणीच्या सासूचा तर असा काढतो की वर स्वयंपाकघरात त्याची बायको आर्लीन हातातली सुरी खाली ठेवते.

त्याचा कायदा कडक. गुहेत जादूची वस्तू सापडली, तर ती काय करते हे तो सांगणार नाही. "माझ्या दुनियेत प्रत्येक वस्तूचा गुण आधीच ठरलेला आहे. मागाहून काही ठरत नाही. शोधा तुमचं तुम्ही." त्यामुळे त्याच्या टेबलाशी लोक अनोळखी औषधाला करंगळी लावून चाटतात आणि झगा काठीने उचलतात. गॉर्डी याश्के, गावातला नळदुरुस्तीवाला, एकदा घाई करून बसला. त्याच्या बुटक्या योद्ध्याने सापडलेलं शिरस्त्राण सरळ डोक्यात घातलं. ते शापित निघालं, योद्धा जागीच मेला. किती वर्षं जपलेला योद्धा! गॉर्डीने हात जोडले, "नॉर्ब, एकदा परत टाक फासा." नॉर्बर्ट म्हणाला, "फासा बोलला." त्यानंतर गॉर्डीने नॉर्बर्टच्या मोरीचा नळ दुरुस्त केला तो एक शब्दही न बोलता. नळ बाकी आजतागायत गळलेला नाही.

मग ती शिटी आली. एका पेटीत पितळेची शिटी सापडली. जादूची आहे एवढं कळलं, पण फुंकली तर आवाजच नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी नॉर्बर्टच्या डोक्यात तिचा गुण अगदी पक्का होता. तेवढ्यात आर्लीनने वरून हाक मारली की भट्टी विझली, घर गारठलंय. तो वर गेला, भट्टीशी झटला, काजळी पुसत खाली आला, आणि शिटीचा गुण डोक्यातून साफ उडालेला. लिहून ठेवायची त्याला कधी सवयच नव्हती. म्हणाला, आठवेल पुढच्या शनिवारी.

आठवलं नाही. दोन वर्षं आठवलं नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळी शिटी फुंकत, हा आडोशामागे उगाच एक फासा टाकी, त्याच्याकडे बघे आणि गूढ हसे. त्या हसण्यावर लोकांनी काय काय इमले बांधले! त्यांनी ती पाण्याखाली फुंकली, थडग्यापाशी फुंकली, झोपलेल्या राक्षसाच्या कानात फुंकली. ग्रहणाचा मुहूर्त गाठायला गॉर्डीचा नवा योद्धा दलदलीत गळ्यापर्यंत बुडून उभा राहिला. आणि केस कापण्याचं दुकान चालवणारी युनिस लुबर्स, म्हणजे त्यांची मांत्रिक, तिने तर विडाच उचलला की वस्तूची ओळख पटवणारा मंत्र मिळवूनच राहीन.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी तिने तो मिळवला. मंत्र म्हणजे काही हातचा मळ नव्हे. मोती कुटायचा, घुबडाचं पीस दारूत भिजवायचं, वर जिवंत मासोळी गिळायची, आणि एवढं करून मांत्रिक दिवसभर मेल्यासारखी पडून राहणार. तरी मंत्र लागू पडेल न पडेल, ते फाशावर. आणि तो फासा नॉर्बर्ट टाकणार, आडोशामागे.

"गिळली मासोळी," युनिस म्हणाली. "घशात वळवळतेय मेली. टाक, नॉर्ब."

"आता कळणार!" गॉर्डीने खुर्ची पुढे ओढली. "शिटी ड्रॅगन बोलावते. लाव पैज."

"गप रे. मेलेले उठवते ती," युनिस म्हणाली.

नॉर्बर्टने फासा उचलला. त्याने फासा टाकला. मनात एकच धावा, हुकू दे. हुकला की "मंत्र फसला" म्हणायचं, आणि सुटलो.

फासा थांबला. मंत्र लागू पडला होता.

बघणारं कुणी नव्हतं. दोन शब्दांत काम भागत होतं. किंवा आत्ताच काहीतरी गुण रचून सांगितला असता, तरी मंडळी नाचली असती. पण मग गॉर्डीचा तो पहिला योद्धा कशासाठी मेला? आणि खरं सांगून टाकावं, तर पुढच्या शनिवारी या जिन्यावरून कोण उतरणार? मग उरतो तो हॉलमागचा माणूस, दुसरं काय?

"लागू पडला," नॉर्बर्ट म्हणाला. सांगता सांगता त्याचे कान लाल झाले. "पण मला ठाऊक नाही. विसरलो मी. भट्टी विझली होती ना, त्याच दिवशी."

"विसरलास? कधी?" युनिसने विचारलं.

"त्याच दिवशी म्हणतोय ना."

"मग ते फासे? ते हसणं?"

"ते असंच."

"अरे मी दलदलीत उभा होतो!" गॉर्डी ओरडला. "जळवा लागल्या होत्या मला! तूच लावल्यास!"

"आणि माझी मासोळी?" युनिस म्हणाली.

नॉर्बर्टने आडोसा मिटला आणि टेबलावर आडवा ठेवला. गॉर्डी उठला, धाडधाड जिना चढून गेला. वर काहीतरी बोलणं झालं, आणि मग आर्लीनचं हसणं असं फुटलं की छतावरून धूळ पडली. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून तर संध्याकाळच्या आत साऱ्या गल्लीला कळलं. नॉर्बर्ट कोट शोधू लागला, स्वतःच्याच घरात.

गॉर्डी परत आला तो हॅम घातलेल्या पावांची थाळी घेऊन.

"ऊठ त्या खुर्चीवरून," तो म्हणाला.

"जातो."

"जातोस कुठे? इकडे बस, माझ्या शेजारी. युनिस, तू जा आडोशामागे. शिटीवर सगळ्यात जास्त डोकं तू खपवलंयस."

युनिस वाटच बघत असावी. तिने आडोसा उभा केला, केस मागे सारले. "मला ठाऊक आहे ती काय करते," ती म्हणाली. "आत्ता या घटकेला ठरलं, आणि आता बदलणार नाही. वाटल्यास आर्लीनच्या कानात सांगून येते, साक्षीला."

"पण मी कोण?" नॉर्बर्टने विचारलं. या बाजूला तो कधी बसलाच नव्हता.

"खेळात आपल्या सामानाच्या खेचरांमागे एक पोऱ्या चालतो बघ," गॉर्डी म्हणाला. "त्याला तू नाव द्यायचेही कष्ट घेतले नाहीस."

नॉर्बर्टने जरा विचार केला. "ऑटो," तो म्हणाला.

"ऑटो," युनिस म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला, दुकानातला राहिला नाही. "मांत्रिक निपचित पडलीय. योद्धा पहाऱ्यावर आहे. शिटी तुझ्या पायाशी पडलीय, ऑटो. थंडगार आहे."

"शापित असली तर?"

"असेल."

नॉर्बर्टने पाव खाली ठेवला. हात पँटला पुसले. "आधी चाटून बघतो," तो म्हणाला. गॉर्डीने टेबलावर थाप मारली.

"पितळ लागतं जिभेला," युनिस म्हणाली.

"मग फुंकतो. हळूच."

युनिसने फासा टाकला, बघितला, आणि म्हणाली, "आवाज येत नाही. पण सगळ्या खेचरांनी एकदम माना वळवल्या."

आर्लीनने वरून हाक मारली. सूप निवतंय म्हणाली. एकदा म्हणाली, दोनदा म्हणाली. नॉर्बर्ट कोपरं टेकून पुढे वाकला होता.

"कोणत्या बाजूला?" तो विचारत होता. "युनिस, खेचरं बघतायत कुठे?"