झाडून काढलेलं रान

निपाणीच्या शाळेतल्या घोरपडे मास्तरांनी माझा कॉलेजचा फॉर्म स्वतः बसून भरला नसता, तर बेंगळुरूत विद्यापीठाच्या रानात, कमरेपर्यंत चुना-गेरू लावलेल्या झाडांकडे बघत मी उभा राहिलो नसतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. विद्यापीठाने आवाराच्या कडेची जमीन रान म्हणून राखली होती. तिथे संशोधन व्हावं, मुलांनी शिकावं, लोकांनी सकाळी येऊन पक्षी बघावेत, असा उद्देश. मी तिथला टेंपररी टेक्निकल असिस्टंट. दुसऱ्या दिवशी कमिटी येणार होती. रान ठेवायचं की तिथे गेस्ट हाउस बांधायचं, हे ती ठरवणार होती. रान गेलं की माझी नोकरीही जाणार होती.

झाडांच्या नावाच्या पाट्या आणायला मी यशवंतपूरला गेलो. जाताना हेड माळी मुनियप्पांना एवढंच सांगितलं, की उद्या मोठे साहेब येणार आहेत, जरा बघा. मोठे साहेब येणार म्हटल्यावर आमच्या विद्यापीठात जे करतात, ते त्यांनी केलं. माणसं लावून सगळं रान झाडून काढलं, झाडांना चुना-गेरू लावला. वाटेवर रांगोळीसुद्धा होती.

जमिनीवरच्या पाचोळ्याला आम्ही लीफ लिटर म्हणतो. तो कुजतो, त्यात किडे होतात. हिवाळ्यात येणारा नवरंग पक्षी पानं उलटून ते किडे खातो. कमिटीला मी नवरंग दाखवणार होतो. आता त्याला उलटायला पान उरलं नव्हतं.

पाचोळा कुठे आहे, असं मी कन्नडमध्ये विचारलं. निपाणीचा असल्याने तेवढं येत होतं.

"हॉस्टेलच्या मागे टाकला, सार. एक पान सोडलं नाही."

"परत आणा."

मुनियप्पा जवळ आले. मग हळूच म्हणाले, "सार, दुपारी जेवलात ना?"

अंधार पडायच्या आत ट्रॅक्टरच्या तीन खेपा झाल्या. ज्यांनी सकाळी झाडलं तेच आता पाचोळा पसरत होते आणि आपसात माझ्याबद्दल बोलत होते. चुना मात्र निघेना.

सकाळी कमिटीतल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडम वाकल्या. त्यांनी पाचोळ्यातून सांबार लागलेलं केळीचं पान उचललं आणि मेसचं एक कुपन. इथे केळीचं झाड कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मी सगळं खरं सांगून टाकलं.

रजिस्ट्रार म्हणाले, "मग हे पूर्वीसारखं करायला माणसं किती लागतील?"

मी कागद चाळू लागलो. मागून मुनियप्पा म्हणाले, "कोणी काही केलं नाही की आपोआप होतं, सार."

रजिस्ट्रारांनी ते दोनदा विचारून घेतलं. असं माणसं न मागणारं खातं त्यांनी आयुष्यात पाहिलं नसावं.

महिन्याभरात ऑर्डर आली. रान राहणार, आत झाडू न्यायचा नाही, असिस्टंट परमनंट. नवरंग पुढच्या हिवाळ्यात आला. मी एवढंच शिकलो, की साहेब येणार हे साहेब येऊन गेल्यावर सांगावं.

ऑर्डर आली त्याच आठवड्यात मी घोरपडे मास्तरांना पत्र टाकलं होतं:

"ती. मास्तरांस शि. सा. नमस्कार. नोकरी कायम झाली. रानात कोणी काही करत नाही ना, यावर लक्ष ठेवणं हे माझं काम आहे. मी ते मन लावून करतो. वडिलांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी फोन आईकडे दिला. तुम्ही एकदा घरी जाऊन त्यांना सांगाल का, की या कामाला डिग्री लागते?"