कुंकू लागलेला कट्टा

अमरावती जिल्ह्यात ठाणेदार असतानाचं ते प्रकरण डोक्यातून काही जात नाही. नवरात्राच्या सुरुवातीला अकोल्यात एका धान्य व्यापाऱ्यावर गोळी झाडली गेली. तो दवाखान्यात, आरोपी फरार. दसऱ्यानंतर खबऱ्याने कळवलं, की गोळी झाडलेला गावठी कट्टा धामणगाव रेल्वेजवळच्या खेड्यात, आरोपीच्या मावसभावाकडे आहे.

हा मावसभाऊ भाजीपाला पिकवणारा, घरी म्हातारी आई. पंचांसमक्ष झडती घेतली. धान्याच्या कोठीमागच्या पिशवीत तो कट्टा निघाला.

चौकशीत गडी एकच पालुपद धरून बसला, "भावानं पिशवी देल्ली, मी ठेवली. आत काय हाये, मले काय मालूम?" चेहरा इतका साधाभोळा, की मी विरघळलो. माहीतच नव्हतं, तर मदतीचा गुन्हा लागत नाही. त्याला साक्षीदार करून सोडायच्या बेतात होतो. इतक्या वर्षांच्या नोकरीची ही हुशारी!

पंचनामा लिहिता लिहिता आमचे हवालदार थांबले. "साहेब, या कट्ट्याच्या मुठीले कुंकू लागून हाये." ते शेतकऱ्याच्या घरचे, त्यांच्या लगेच ध्यानात आलं. खंडेनवमीला घरातलं झाडून सारं लोखंड पुजतात. विळा, खुरपं, फवारणीचा पंपसुद्धा. म्हणजे पिशवी उघडली होती.

मी म्हातारीला विचारलं, "मावशी, हे कुंकू कोणी लावलं?"

"माय, चूप राय!" पोरगा ओरडला.

ती चूप राहिली नाही. "मीच लावलं. हा बोंबलला, 'हात नोको लावू, याच्यानंच भावानं गोळी मारली.' मी म्हटलं, घरातलं लोखंड हाये, पूजा कायले सोडाची?" मग तिने विचारलं, "तो मानूस जिता हाये का, साहेब?"

"आहे."

"मंग त्याले जपा. माह्या बहिणीचा पोरगा शुक्रवारी कट्टा न्याले येऊन राह्यला. काम अर्धं राह्यलं म्हने."

झडतीची बातमी बाहेर फुटू न देता शुक्रवारी आम्ही साध्या कपड्यांत मळ्यात दबा धरून बसलो. आरोपी आला आणि अलगद हाती लागला. व्यापारी दिवाळीला घरी गेला.

कोर्टात म्हातारीने सारं तसंच सांगितलं. पोराला शिक्षा झाली. गोळी त्याने झाडली नव्हती, पण जाणूनबुजून हत्यार सांभाळलं होतं. ते कलम मला पाठ होतं. पोटच्या पोरापुढेही ते खरं मानायला काय लागतं, हे मात्र मी तिच्याकडून शिकलो.

कोर्टाबाहेर मी तिला हात जोडले. म्हणाली, "हात कायले जोडता, साहेब? त्या मानसाच्या घरीबी माय असनच ना." आणि डोळे पुसत बसस्टँडकडे चालू लागली.

वरिष्ठांची शाबासकी मला मिळाली. ती त्या माउलीची होती, हे आज लिहून मोकळा होतो.