आईची मिसू

मिसुकबाई कुणालाही भेटल्या की नमस्कार करायच्या नाहीत. "जेवला का?" विचारायच्या. सकाळी दूधवाल्यालाही हेच आणि गाडीतून उतरणाऱ्या पाहुण्यांनाही हेच. त्यांच्या कोरियात म्हणे असंच विचारतात. मराठीतलं हे एक वाक्य त्या पहिल्याच आठवड्यात शिकल्या आणि तेवढ्यावर त्यांनी आमचं सगळं हॉटेल खिशात घातलं. त्यांच्या आधी कित्येक वर्षं मी तिथला मुख्य आचारी होतो. मीही लोकांना जेवणाचं विचारायचो. लोक "हो" म्हणून पुढे जायचे.

लोणावळ्याजवळ वलवणला आमचं हॉटेल. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतले कोरियन साहेब शनिवार-रविवारी यायला लागले, तेव्हा मी मोबाइलवर व्हिडिओ बघून त्यांचे चार पदार्थ शिकलो. साहेब वाकून आभार मानायचे आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठायचे. एकदा शेट ती ताटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "दत्ता, तिकडचंच माणूस आणायला लागेल."

माणूस आणायचं म्हणजे काय, ते पुण्याच्या सल्लागार मॅडमनी समजावलं. सरकार आधी विचारतं, या कामाला आपल्याकडे माणूस मिळत नाही का? मिळत असेल तर बाहेरच्याला नोकरीचा व्हिसा नाही. मात्र स्वतःच्या देशाचं खास जेवण करणारा आचारी असेल तर चालतो. इतरांना असते तशी मोठ्या पगाराची अटही त्याला नाही. मग हॉटेलची नोंदणी, कराचे कागद, नोकरीचा करार, आणि या बाईंची जबाबदारी आमची, असं शेटचं पत्र. हे सगळं तिकडच्या आपल्या वकिलातीत गेलं की व्हिसा. स्वयंपाकघराची माहिती मलाच असल्यामुळे कागद जमवायला शेटनी मलाच बसवलं. त्यात एक वाक्य होतं : हे पदार्थ करू शकणारा स्थानिक आचारी उपलब्ध नाही.

"मॅडम, मला थोडंफार येतं," मी म्हणालो.

"तसं लिहिलं तर परवानगीच मिळणार नाही हो," मॅडम म्हणाल्या.

मी वाक्य तसंच ठेवलं आणि शेटची सही घेऊन आलो.

मिसुकबाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या, मनगटं मात्र पैलवानासारखी. आल्यावर परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करायची असते, त्यासाठी मी त्यांना पुण्याला नेलं. खिडकीतल्या साहेबांनी सकाळपासून कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. बाईंनी पासपोर्ट पुढे केला आणि विचारलं, "जेवला का?" साहेब हसले, बाईंना खुर्ची दिली. कागदांची पिशवी घेऊन मी उभाच.

स्वयंपाकघरात त्या पदार्थांबद्दल माणसांसारखं बोलायच्या. पातेल्यात पाणी जास्त झालं की "भात रडला." बरणीतला कोबी आंबायच्या आत कुणी झाकण उघडलं की "कोबी झोपला. उठवू नको." पोरं हसायची आणि उलट माझ्याच भाजीला म्हणायची, "भाऊ, वांगं रुसलं." महिन्याभरात त्या सगळ्यांच्या मिसूमावशी झाल्या. मी अजून दत्ताभाऊच होतो, आणि तेही समोर असलो की.

एक दिवस मी डबा उघडून बसलो होतो. त्यांनी न विचारता माझ्या डब्यातला भात चिमटीत घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, खाल्ला. "कुटला?" त्यांनी विचारलं. आमच्या गावच्या, औंढ्याच्या शेतातला इंद्रायणी होता. शेट त्यांच्यासाठी पुण्याहून महागडा चिकट तांदूळ मागवायचे. दुसऱ्या दिवसापासून तो बंद झाला. कोरियन साहेब आता आमच्याच खाचरातला भात ताट पुसून खाऊ लागले. वर्षानुवर्षं मी तोच भात रांधत होतो.

लावणीच्या दिवसांत त्या हट्टानं माझ्या गाडीवर बसून औंढ्याला आल्या. आई खाचरात होती. बाईंनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरल्या. शेतकऱ्याच्या घरच्या होत्या, हे तेव्हा कळलं. आई त्यांच्या हाताकडे बघत राहिली.

"दत्ता, बग, हिचं रोप कसं सरळ बसतंय. तुजं लोळायचं."

आईनं माझ्या कुठल्याच कामाला कधी बरं म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून मी घरी गेलो की तिचा पहिला प्रश्न, "मिसू न्हाई आली?" भाकरीचा डबा दोघांचा जाऊ लागला, लोणचं फक्त बाईंच्या डब्यात. सुट्टीच्या दिवशी दोघी ओट्यावर बसायच्या. एक कोरियन बोलायची, एक मावळी. तासन्‌तास. काय बोलल्या ते मला सांगावंसं दोघींपैकी कुणालाच वाटत नसे.

मग शेटनी हॉटेल विकलं. नव्या मालकांना लग्नाचं सभागृह करायचं होतं, कोरियन स्वयंपाकघर नको होतं. लोणावळ्यातलं दुसरं हॉटेल बाईंना घ्यायला तयार होतं, पण त्यांची परवानगी आमच्या हॉटेलपुरती होती. दुसरीकडे काम करायचं तर मायदेशी परत जायचं आणि नव्या मालकानं पहिल्यापासून सगळं करायचं. हे ऐकून ते मालक थंडावले.

"तुज्याच कागदानं आलती न ती?" आई म्हणाली. "मंग कर की कायतरी."

मी केलं. मॅडमना फोन केले, पुण्याला दोनदा जाऊन आलो, दुसऱ्या हॉटेलवाल्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. काही झालं नाही. आईला तसं सांगितलं, तेव्हा ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.

"तुला ती जायाच पायजे व्हती."

"आई, मी खरंच प्रयत्न केला."

"व्हय," ती म्हणाली आणि लाकूड आत सारलं. तिचा विश्वास बसला नव्हता. मी केलेले प्रयत्न खरे होते, आणि तिनं म्हटलं तेही पुरतं खोटं नव्हतं, म्हणून मी वाद घातला नाही.

निघायच्या दिवशी आई माझ्या गाडीवरून वलवणला आली. टॅक्सी उभी होती. मिसुकबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. आई मान हलवत होती, मधूनच "व्हय, व्हय" म्हणत होती. मग बाई माझ्यासमोर येऊन खूप खाली वाकल्या. मला काय करावं कळेना, मीही वाकलो. टॅक्सी वळणावरून गेली आणि आई रडायला लागली. मी तरुणपणी गोव्याला नोकरीला निघालो होतो, तेव्हा ती धार काढत होती. म्हशीवरची नजरही तिनं उचलली नव्हती.

"चल," मी म्हणालो.

ती मागे बसली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. औंढ्याचा रस्ता लागेपर्यंत मी आरशात बघत होतो. आईची मान मागेच वळलेली होती.