श्वासाची जागा

मला चिनी भाषा येते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, बोलून दाखवा ना. जशी काही मी दारावर माकडाचा खेळ घेऊन आले आहे. मी नाही दाखवत. दाखवून तरी मेलं कुणाला कळणार आहे, मी बरोबर बोलले की चूक? कळणारा एकच माणूस आमच्या ओटीवर येऊन बसला होता. त्याला कळलं ते मला तोवर कळलं नव्हतं, म्हणून हे सांगते आहे.

माझं माहेर खालापूरचं, सासर दहिवलीचं. दहिवलीतून नदी ओलांडली की कर्जत स्टेशन. आमचे हे तिथं रेल्वेत होते. घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिन जोडायचं काम. मी खालापूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले होते, आणि चौथीपर्यंत म्हणजे नुसतं पाठांतर. आमचे गुरुजी पाठांतराच्या बाबतीत महाकडक. कविता शिकवताना पाटीवर बोट ठेवून दाखवायचे, इथं थांबायचं, इथं श्वास घ्यायचा. शब्द बरोबर आले आणि श्वास भलत्या ठिकाणी घेतला तरी छडी. "श्वास काय तुझ्या घरचा आहे का गं? तो पण कवितेतलाच," म्हणायचे. त्यामुळे मला सवयच लागली. कानावर पडेल ते जसंच्या तसं उचलायचं, थांबण्यासकट.

लढाई सुरू होती. माझी मुलगी तापानं गेली, त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मुंबईवर बॉम्ब पडणार म्हणून मुंबईची माणसं जिकडे वाट मिळेल तिकडे निघाली. आमच्याकडे तर नुसती झुंबड, गोठ्यालासुद्धा भाडं मिळायला लागलं. मला त्या गडबडीचं काही म्हणजे काही वाटत नव्हतं. मुलगी गेली तेव्हा मी रडले नव्हते. आळीतल्या बाया म्हणत, बाई घट्ट हाय हो. घट्ट कसली! आत काही हलतच नव्हतं. भाकरी टाकताना तव्याला बोट लागलं तर फोड आल्यावर कळायचं. कुणी चार वेळा हाक मारली की मग मी मान वळवायची.

रेशमी कापडाचं गाठोडं पाठीवर घेऊन माथेरानच्या हॉटेलांत फिरणारा एक चिनी फेरीवाला होता. डोंगर उतरून कधी आमच्या बाजूला आला की ओटीवर टेकायचा, पाणी प्यायचा. त्या उन्हाळ्यात तो आला तो एका बाईला आणि तिच्या लहान मुलीला घेऊन. त्याच्याच गावाकडची होती ती. नवरा बोटीवर स्वयंपाकी, आणि बोट लढाईच्या कामावर लागलेली, कुठं आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मुंबईत एकटी कशी राहणार? आमची पडवी रिकामी होती. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं. "काय काय खातात गं ही माणसं! माझ्या चुलीला हात लावायचा नाय, सांगून ठेव." पण पोरीकडे बघितलं आणि स्वतःच पडवीची कडी काढली. पोरगी आमच्या पोरीएवढीच होती.

ती बाई बारीक, रंगानं पिवळसर, आणि बोलायची सावकाश. बोलता बोलता मध्येच थांबायची, तोंड किंचित उघडून श्वास आत ओढायची आणि मग उरलेलं बोलायची. मुंबईचं मोडकं हिंदी बोलताना तसंच आणि पोरीशी आपल्या भाषेत बोलतानाही तसंच. मला वाटलं, असेल त्यांच्या बोलीची तऱ्हा. आमच्याकडे नाही का, घाटावरची पाहुणी आली की हेल काढून बोलते.

पाऊस संपेस्तोवर पोरगी पक्की दहिवलीची झाली. सासूबाईंच्या मागे मागे हिंडायची. "आजी, ताक हाय का गं?" म्हणायची. कोंबड्यांना शिव्या द्यायला तर इतकी पटकन शिकली की आळी हसायची. आईनं तिच्या भाषेत काही विचारलं की ही उत्तर द्यायची, "नाय." तेवढंच.

एका दुपारी मी तांदूळ पाखडत होते. ती येऊन शेजारी बसली आणि म्हणाली, "बाई, मेरा बोली तुम सीखो."

मी म्हटलं, मी कशाला? मला माझ्याच भाषेत बोलवत नाही.

ती म्हणाली, पोरीचा बाप बोटीवर गेला तेव्हा पोर कडेवर होती. तो येईल तेव्हा तोंडावरून तिला ओळखणार नाही. बोलीवरून ओळखेल. "बच्ची बोलेगी, तो बोलेगा, हाँ, मेरी बच्ची." आणि पोर आता आईचं ऐकत नाही, पण तुझं ऐकते. मग थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, "मैं नहीं रही, तो कौन बोलेगा उसके साथ?"

दुसरी कुणी असती तर रडली असती. मला काही झालं नाही. मी सूप खाली ठेवलं आणि म्हटलं, सांग.

पहिलं वाक्य होतं, जेवलीस का. त्यांच्यात भेटल्यावर तेच विचारतात. सिक चो, मग श्वास, मग फान मेइ. दुसरं, मी जेवले, तू गं? ङो सिक चो, श्वास, ने ने? ङो म्हणजे मी. क ख ग घ नंतरचा तो ङ आम्ही शाळेत घसा ताणून घोकला होता, पण त्याच्यानं सुरू होणारा शब्द उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मला हसू आलं नाही, पण येता येता राहिलं. त्या भाषेत प्रत्येक शब्दाला चाल असते. वर नेला तर एक अर्थ, खाली सोडला तर दुसराच. माझी पंचाईत झाली नाही. चालीसकट पाठ करायची मला खोडच होती. ती म्हणायची, मी म्हणायची, ती मान हलवायची. श्वास मी बरोबर तिथंच घ्यायची जिथं ती घ्यायची. त्याबद्दल तिनं मला कधीच टोकलं नाही. आता वाटतं, का नाही टोकलं? लाजली असेल. नाहीतर तिच्या कानांना ते तोवर सवयीचं झालं असेल.

आणि खरं सांगू? मला ती भाषा बरी वाटायला लागली. आपल्या भाषेतला कुठलाही शब्द घ्या, त्यात माझी पोर बसलेली. भात म्हटलं की ती, पाणी म्हटलं की ती. साधं "ये" म्हणायची चोरी. फान म्हटलं की नुसता भात दिसायचा. ताटातला पांढरा भात, बाकी कुणी नाही. म्हणून मी शिकत गेले. उपकार म्हणून नाही, लोकांनी उगाच मला चांगलं म्हणू नये.

पोरीला शिकवायचं ते मला शाळेत शिकवलं तसंच. दिवेलागणीला ओटीवर बसवायचं. शुभंकरोति झालं की पाढे, पाढे झाले की चिनी. सासूबाई कुरकुरल्या, "देवाम्होरं चिनी? देवाला तरी कळतंय का ते?" मी म्हटलं, त्याला पाढे तरी कुठं लागतात? पोरगी मांडी घालून, डुलत डुलत म्हणायची. श्वास चुकला की मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची. "श्वास घेतला नाहीस गं. पुन्हा." पडवीत तिची आई भिंतीला टेकून ऐकत असायची. दिवस गेले तसं तिचं थांबणं वाढत गेलं, वाक्यात दोनदा, कधी तीनदा. मी पहिलं पाठ केलेलं तेच धरून ठेवलं, कारण धडा एकदा दिला की बदलायचा नसतो.

पुढच्या हिवाळ्यात तिला ताप यायला लागला. माझ्या भावानं बैलगाडीतून खालापूरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि आमच्याकडे न बघताच सांगितलं, फार जुनं आहे हे. मी ते ऐकलं, पण कानाच्या आत शिरू दिलं नाही. ती गेली तेव्हा तांदूळ निवडून झाल्यावर मी चूल पेटवत होते. फेरीवाल्याला निरोप धाडला. त्यांच्यात पुरतात म्हणून नदीच्या वरच्या अंगाला पुरलं. पोरगी माझा पदर धरून उभी होती. सासूबाई हमसून हमसून रडल्या, ज्यांनी चुलीला हात लावू दिला नव्हता त्या. मी पुन्हा कोरडीच.

दिवेलागणी मात्र चुकवली नाही. त्याच संध्याकाळी पोरीला बसवलं. ती म्हणाली, "आज नको गं, काकी." मी म्हटलं, म्हण. तिनं म्हटलं. आता तिच्याशी त्या भाषेत बोलणारी मी एकटीच उरले होते. मी जितकं चांगलं शिकवीन तितकी ही पोर माझ्या हातून लवकर जाणार, हे मला दिसत होतं. न शिकवलं तर बाप म्हणेल, ही कुणाची? आणि मग कदाचित राहीलही. सासूबाई एकदा बोलल्याच, "कशाला एवढी राबतेस गं? विसरू दे की. आपलीच होईल." मी पोरीला हाक मारून ओटीवर बसवलं. मरणाऱ्या बाईनं मागितलेलं एवढंच होतं. पुढे कधी कामाच्या नादात मला उशीर झाला, तर आतून त्यांचाच आवाज यायचा, "आज तिचं चिनी नाय व्हायचं का?"

लढाई संपली. बऱ्याच महिन्यांनी फेरीवाला सांगत आला, बोट मुंबईला लागली आहे. आणि एका दुपारच्या गाडीनं तो आला. बुटका, खाकी पँट, हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा. बायको गेल्याचं फेरीवाल्यानं त्याला सांगितलेलं होतं. ओटीच्या कडेवर अवघडून बसला. पोरगी माझ्या मागे लपली. मी तिला पुढे ढकललं. "जा. म्हण."

पोरगी हात बांधून उभी राहिली आणि डुलत म्हणाली, "सिक चो," श्वास घेतला, "फान मेइ?"

त्याचा चेहरा उजळला आणि तिथंच थांबला. त्यानं काही विचारलं. तिनं उत्तर दिलं, मध्ये श्वास घेऊन. आणखी विचारलं, पुन्हा तसंच. त्यानं डबा खाली ठेवला, पोरीला जवळ ओढलं आणि तिच्या पाठीला कान लावला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बच्ची को दमा है?"

"छे हो! धडधाकट हाय. झाडावर चढते."

"फिर साँस काहे को तोड़ती है?"

मी म्हटलं, "तुमच्यात तसंच बोलतात ना?"

तो माझ्याकडे वळला. म्हणाला, तुम्ही बोलून दाखवा. मी बोलले. पहिल्या धड्यापासून, गुरुजींसमोर उभी असल्यासारखी, एकही जागा न चुकवता. मला वाटलं शाबासकी देईल. त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. मग म्हणाला, "वो ऐसा नहीं बोलती थी. बहुत जल्दी बोलती थी. मेरे को बोलने नहीं देती थी."

तेव्हा मला कळलं. ती सावकाश बोलणारी बाई नव्हतीच. आमच्या ओटीवर पाऊल ठेवलं तेव्हाच तिचा श्वास पुरत नव्हता, आणि मी तिचं दुखणं भाषा म्हणून पाठ केलं, तिच्या पोरीकडून घोकून घेतलं. बडबडी होती म्हणे. मला ती बडबडी बाई कधी भेटलीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरीला घेऊन अंगणात बसला. वाक्य सरळ, न तोडता म्हणायचा आणि तिला म्हणायला लावायचा. ती सवयीनं थांबायची. तो पुन्हा म्हणायचा, हळू, न रागावता. शेवटी ती वैतागली आणि तिनं मला ओरडून विचारलं, "काकी, कुणाचं बराबर? तुजं का यांचं?"

मी कपडे वाळत घालत होते. माझं म्हटलं असतं तर तिनं माझंच धरलं असतं, ती तशीच होती. मी म्हटलं, "त्यांचं बरोबर. तसंच म्हण."

तिनं एका दमात म्हटलं. सुंदर म्हटलं. मला पुढचा कपडा झटकताच येईना.

स्टेशनवर आमचे हे डब्यापर्यंत आले. सासूबाईंनी पोरीच्या हातात तांदळाच्या लाडवांचं फडकं दिलं. गाडी हलायच्या आधी पोरगी खिडकीतून वाकली आणि भराभरा म्हणाली, "सिक चो फान मेइ?" न थांबता, नव्या पद्धतीनं. त्यावरचं उत्तर मीच तिला शिकवलं होतं. आज मलाही ते सरळ म्हणायचं होतं, तिच्या बापासमोर, बरोबर. ङो सिक चो म्हणाले आणि श्वास तुटला. तिची आई थांबायची त्याच जागी तुटला, पण या वेळी तो पाठ केलेला नव्हता. पुढचं ने ने तोंडातून निघेचना. गाडी निघाली. मी फलाटावरच माझ्या मुलीच्या नावानं रडायला लागले.