पुढच्या महिन्यात स्टँड

नवऱ्याचा मार खाऊन धाकटी बहीण केनवडला आमच्या घरी परत आली, तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "कमावून खाशीन तं राह्य." तिला शिवण येत होतं. मी मानोऱ्याला नुकताच मास्तर झालो होतो. तिला घेऊन मशीन घ्यायला वाशीमला गेलो.

पायमशीन परवडत नव्हती. दुकानदारानं हातमशीन दाखवली. उजव्या हातानं दांडा फिरवायचा, डाव्यानं कापड सरकवायचं. "सध्या हे न्या, मास्तर. पुढं खाली स्टँड लावजा, पट्टा टाकजा, पायानं चालते. मशीन हेच राह्यते," तो म्हणाला. मला ते फार हुशारीचं वाटलं. स्वतःच्या अकलेवर मी तेव्हा जाम खूश असायचो. बहिणीनं भर दुकानात विचारलं, "दादा, स्टँड कधी?"

"पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात मी सायकल घेतली. मग घड्याळ. मास्तर म्हटलं की घड्याळ नको? सरळ शिवण बहिणीला एका हातानं जमायची, पण बाही जोडताना कापड वळवायला दोन्ही हात लागतात. आई दांडा फिरवायला बसायची, पण दिवसा ती रोजानं दुसऱ्याच्या वावरात असे.

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली. त्या दिवशी आमच्या वस्तीतल्या झाडून साऱ्या बाया पांढरं नेसतात. आपलीच पोर म्हणून सगळ्यांनी पांढरी पोलकी तिच्याकडे टाकली. दांडा फिरवून फिरवून तिचं मनगट सुजलं, तरी निम्मी पोलकी राहिलीच. कितीतरी बाया मिरवणुकीत जुनंच घालून चालल्या. भांडलं कोणी नाही, पण नंतर कापड घेऊनही कोणी आलं नाही. सगळ्या बाजारातल्या पायमशीनवाल्याकडे गेल्या. घरात मग तिला परत पाठवायचं बोलणं सुरू झालं.

हे मला मानोऱ्याला उशिरा कळलं. धावपळ करून स्टँड घेऊन घरी पोचलो, तर ओसरीत जावई चहा पीत बसलेले आणि आत बहिणीची पेटी भरलेली. तरी तिनं मला मशीन बसवू दिली. पट्टा टाकला, पाय मारला आणि एक बाही दोन्ही हातांनी अशी सुरेख जोडली की मला बघवेना.

"चांगली चालते रे," ती म्हणाली. "जयंतीच्या आंदी स्टँड आनला असता तं मी काहून गेली असती?"

"मशीन संग ने."

"तिथं कोन शिवू देते मले?"

इतकी वर्षं झाली, तरी त्या दिवशीच्या स्वतःचा मला राग येतो. 'जाऊ नको' म्हणायला ना पगार लागत होता, ना स्टँड. मी तिची पेटी उचलली आणि दोघांना बसपर्यंत पोचवून आलो.